तेराव्या वर्षीचा सरवा

खजुराच्या झाडावर गरिबाने चढायचं नाही. मालकाने चढायचं, घड उतरवायचे आणि खाली थांबलेल्यांना वाटायचे. हा नियम मिश्नाच्या 'पेआ' या प्रकरणात आहे. मिश्ना म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेली यहुदी धर्मनियमांची संहिता. तोराने, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाने, शेतकऱ्याला मोघम सांगितलं होतं: शेताचा कोपरा कापू नकोस, गळलेली कणसं वेचू नकोस, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस, ते गरिबाचं, परक्याचं, विधवेचं आणि अनाथाचं. मिश्नाने त्याची मापं ठरवली. कोपरा एकूण पिकाच्या एक साठांशाहून कमी नको. हातून एकदम दोन कणसं गळली तर तो सरवा, म्हणजे गरिबांनी वेचायचा; तीन गळली तर नाही. उभं धान्य गरिबांनी आपल्या हाताने कापून न्यायचं, कारण तो त्यांचा हक्क आहे, कुणी त्यांच्या पदरात टाकण्याची गरज नाही. अपवाद खजुराचा आणि उंच चढवलेल्या द्राक्षवेलाचा. तिथे चढणारा पडू शकतो. म्हणून जोखीम मालकाची आणि कष्टही मालकाचे.

अमेरिकेतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, बारा-तेरा वर्षांची मुलं बार मित्झ्वा (मुलाचा) किंवा बात मित्झ्वा (मुलीचा) या वयात येण्याच्या समारंभाच्या वर्षात दानाचं एखादं काम अंगावर घेतात. त्याला तिथे 'मित्झ्वा प्रोजेक्ट' म्हणतात. ते काम चांगलं झालं की नुसतंच साजरं झालं, हे बघायला खजुराच्या नियमाइतकी चांगली कसोटी मला दुसरी माहीत नाही. अवघड भाग कोणी उचलला? घेणाऱ्याने की देणाऱ्याने?

मुळात मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी आपोआप त्याच्यावर येते. मुलीच्या बाबतीत परंपरेने बाराव्या वर्षी, आणि बऱ्याच पुरोगामी सिनेगॉगमध्ये तिच्यासाठीही तेराव्या वर्षी. समारंभ केला नाही म्हणून ती टळत नाही. समारंभात त्या आठवड्याचा तोराचा भाग सगळ्यांसमोर सुरात वाचायचा आणि त्यावर छोटं प्रवचन द्यायचं. अमेरिकेत मुलीने असं जाहीर वाचन पहिल्यांदा केलं ते १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये. ती जुडिथ कॅप्लन, रब्बी (यहुदी धर्मगुरू) मॉर्डेकाय कॅप्लन यांची मुलगी. दानाचा प्रकल्प मात्र कुठल्याही संहितेत सांगितलेला नाही. ती अलीकडच्या दशकांतली रीत. १९७०-८० च्या काळात अमेरिकन मुलं सोव्हिएत संघातल्या एखाद्या यहुदी मुलाशी 'जोडी' जमवत, म्हणजे ज्याला तिकडे असा समारंभ करता येत नव्हता त्याचं नाव आपल्या समारंभात घेत. १९८५ मध्ये 'माझोन' ही भूकनिवारणाची संस्था निघाली. घरात आनंदाचा प्रसंग असेल तर खर्चाच्या तीन टक्के रक्कम भुकेल्यांसाठी काढा, अशी तिची साधी मागणी होती. मेजवानीवर वीस हजार डॉलर खर्च होणार असतील तर सहाशे डॉलर. ही गोष्ट मुलाने स्वतः आईवडिलांकडे मागावी, असं मला फार वाटतं. तेराव्या वर्षी घरचा खर्च किती, हे विचारण्याचं धाडस करणं हेसुद्धा मोठं होणंच आहे.

प्रकल्प शंभर प्रकारचे असतात: वृद्धाश्रमात वाद्य वाजवणं, केस वाढवून विगसाठी देणं, खेळाचं जुनं साहित्य गोळा करणं. सगळ्यांत जास्त केला जाणारा आणि सगळ्यांत जास्त बिघडणारा प्रकल्प अन्न गोळा करण्याचा. तो सोपा वाटतो. दारात खोकी ठेवली, लोकांनी डबे टाकले, गाडीत घालून नेऊन दिले. प्रत्यक्षात त्यातली प्रत्येक पायरी निसरडी आहे, आणि म्हणूनच शिकण्यासारखं सर्वांत जास्त त्यातच आहे.

पहिली पायरी फोनची. तो मुलाने करायचा, आईने नाही. ज्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न वाटणाऱ्या केंद्राला, द्यायचं तिथल्या माणसाला विचारायचं: तुमच्याकडे सध्या काय संपलंय? काय नको? कोणत्या वारी, किती वाजता माल घेता? माझ्या वयाच्या मुलाला आत येऊन काम करता येतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण अनेक ठिकाणी स्वयंसेवकांना वयाची अट असते आणि त्याखालच्या मुलासोबत मोठं माणूस लागतं. समारंभाच्या सहा आठवडे आधी हे कळलं तर सगळा बेत कोसळतो. आठ-दहा महिने हातात असताना कळलं तर वाट काढता येते.

तोरातलं वचन आहे: त्याला जे कमी आहे, ते त्याच्या गरजेपुरतं दे. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, त्यावर हिल्लेल या प्राचीन धर्मपंडिताची एक गोष्ट येते. चांगल्या घरातल्या, पण आता गरीब झालेल्या एका माणसाला हिल्लेलने बसायला घोडा आणि पुढे धावायला चाकर मिळवून दिला. एके दिवशी चाकर मिळेना, तेव्हा हिल्लेल स्वतः तीन मैल त्याच्या घोड्यापुढे धावला. त्या माणसाला काय कमी पडतंय, हे हिल्लेलने स्वतःच्या कल्पनेने ठरवलं नाही. फोन करायचा तो त्यासाठी.

कारण कल्पनेने ठरवलं की सुकी कडधान्यं येतात. स्वस्त, टिकाऊ, पौष्टिक. आणि मोटेलच्या खोलीत राहणाऱ्या, फक्त मायक्रोवेव्ह असलेल्या कुटुंबाला निरुपयोगी. त्यांना शिजवलेल्या बीन्सचा डबा हवा. रस्त्यावर राहणाऱ्याला तोही चालत नाही, कारण डबा उघडायचं अवजार त्याच्याकडे नसतं. त्याला ओढून उघडायच्या झाकणाचाच डबा हवा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना साखरेच्या पाकातली फळं आणि खारट सूप नको. फळं स्वतःच्या रसात आणि भाज्या कमी मिठाच्या हव्यात. दहा किलो तांदळाची गोणी कुणी प्रेमाने आणून देतं, पण सीलबंद पाकीट फोडून घरी पुड्या बांधलेला माल पँट्री घेत नाही. पीनट बटर बहुतेक ठिकाणी हवं असतं: शिजवावं लागत नाही, फ्रिज लागत नाही, दोन मोठ्या चमच्यांत सुमारे सात ग्रॅम प्रथिनं. बरणी मात्र प्लास्टिकची हवी. काचेची एक फुटली की खालचे वीस डबे पुसत बसावं लागतं, आणि काचेचा चुरा कशात गेला हे नक्की सांगता येत नाही म्हणून शेजारची पाकिटंही टाकावी लागतात. घेणारी कुटुंबं कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम, पाळणारी असतील तर प्रत्येक पाकिटावर मान्यतेची खूण बघायची, उदाहरणार्थ वर्तुळातलं 'यू' हे अक्षर. ती नसेल तर वस्तू कितीही चांगली असो, त्या घरात चालत नाही.

खोक्यावर 'कृपया अन्न द्या' असं लिहिलं की लोक घरातल्या कपाटाच्या मागच्या फळीवरचं आणून टाकतात. त्यापेक्षा दर आठवड्याला एकच वस्तू मागावी. या आठवड्यात फक्त पीनट बटर, पुढच्या आठवड्यात पाण्यातला ट्यूना, त्यानंतर ओट्स. माणूस दुकानात एक जादा उचलतो, माल एकसारखा येतो आणि वेगळा करण्याचं काम निम्म्यावर येतं.

दिवस कोणता, हेही ठरवावं लागतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, परंपरा पाळणाऱ्या सिनेगॉगमध्ये पैशाला हात लावत नाहीत आणि घराबाहेर वस्तू वाहून नेत नाहीत. म्हणजे सगळे जमतात नेमक्या त्याच दिवशी काही गोळा करता येत नाही. तिथे रविवार धरायचा, मुलांचे हिब्रूचे वर्ग असतात तेव्हा. पैशाच्या वचनासाठी एक जुनी युक्ती आहे: कडेला रकमा छापलेलं कार्ड. सणाच्या दिवशी लिहायचं नसतं, म्हणून आपल्याला द्यायची ती रक्कम असलेली कड नुसती दुमडून कार्ड परत करायचं. पैसे नंतर. रकमा बहुधा अठराच्या पटीत असतात, १८, ३६, १८० डॉलर, कारण हिब्रूतल्या 'जिवंत' या शब्दाच्या अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज अठरा होते.

वर्षात अन्नाच्या दोन भरत्या येतात. एक योम किप्पूरची, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाची. रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, कागदी पिशव्या वाटतात, मधल्या दहा दिवसांत त्या भरायच्या आणि उपास सुरू व्हायच्या आधी, 'कोल निद्रे' या प्रार्थनेच्या संध्याकाळी आणून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सभागृहात यशया या संदेष्ट्याच्या वचनांचं वाचन होतं: मला हवा तो उपास हा नव्हे का, की तू आपली भाकर भुकेल्यासोबत वाटून खावीस? पिशव्या दारात रचलेल्या असताना ते शब्द ऐकणं ही मोठी गोष्ट आहे. पण शेकडो पिशव्या एकाच संध्याकाळी येतात, पुढचा सण चार दिवसांवर असतो, मोठी माणसं थकलेली असतात आणि पिशव्या जिन्याखाली पडून राहतात. बार मित्झ्वाच्या मुलाने नवीन मोहीम काढण्यापेक्षा या पिशव्यांचं वर्गीकरण आपल्याकडे घेतलं तर उपकार होतील.

दुसरी भरती पेसाहच्या आधीची. या सणात आंबवलेल्या धान्याचं काहीही, म्हणजे पाव, पास्ता, मैदा, बिस्किटं, घरात ठेवायचं नसतं. म्हणून आधीच्या दोन-तीन आठवड्यांत घराघरातून न उघडलेली पाकिटं निघतात. इथे तारखेचं भान ठेवावंच लागतं. सण सुरू होण्याच्या निदान तीन-चार दिवस आधी खोकी पँट्रीत पोचलेली हवीत. सणाच्या काळात यहुद्याच्या मालकीत राहिलेलं असं अन्न नंतर यहुद्याला वापरता येत नाही, आणि सिनेगॉगच्या तळघरात विसरलेली आठ खोकी म्हणजे रब्बींसाठी ऐन सणात उभा राहिलेला प्रश्न. त्याच सुमारास दुसरं एक फार जुनं दान चालतं, 'माओत खित्तिम', म्हणजे गरिबांच्या पेसाहच्या गव्हासाठी पैसे. पास्ता बाहेर काढणाऱ्या मुलाने त्यात चार डॉलर आत टाकावेत.

रिकामे महिने उन्हाळ्याचे. शाळा बंद होतात, त्यासोबत शाळेतलं जेवणही बंद होतं, देणारे सुट्टीवर जातात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पँट्रीच्या फळ्या भरलेल्या असतात आणि जुलैत तिथे भिंत दिसते. समारंभ वसंतात असेल तर मोहीम जूनमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही. बहुतेक मुलं तसं करत नाहीत, कारण प्रवचनात 'मी केलं' असं सांगायचं असतं. 'मी करणार आहे, जूनमध्ये, तुम्ही या' असं सांगितलेलं मला जास्त आवडेल.

आता टेबलावरचं काम. लांब टेबल, मोठ्या कागदी पिशव्या, जाड मार्कर. प्रत्येक डबा हातात घेऊन फिरवून बघायचा. फुगलेला, गळणारा, झाकण दाबल्यावर वरखाली होणारा डबा सरळ टाकायचा. आत बॉट्युलिझमचं विष असू शकतं, उघडून वास घेऊन बघायचं नाही. बोट बसेल एवढा खोल पोचा, किंवा कडेच्या अथवा उभ्या जोडावरचा पोचा असेल तर टाकायचा, कारण तिथूनच हवा शिरते. मधल्या गुळगुळीत भागावरचा उथळ पोचा चालतो. गंज फडक्याने पुसून निघाला तर ठीक, नाही निघाला तर नाही. तारखांबद्दल फार गैरसमज आहेत. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने तारीख छापणं सक्तीचं आहे ते फक्त तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युल्यावर; त्याची तारीख उलटली की तो बाद. बाकी बहुतेक 'बेस्ट बाय' म्हणजे चव आणि दर्जा कधीपर्यंत उत्तम राहील याचा कंपनीचा अंदाज. तारखेनंतर किती महिने चालेल हे प्रत्येक पँट्री आपापलं ठरवते, म्हणून तेही पहिल्या फोनवरच विचारून ठेवायचं. चांगल्या भावनेने दिलेल्या अन्नाबाबत देणाऱ्याला १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याचं संरक्षण आहे. पण ते संरक्षण निष्काळजीपणा करण्यासाठी नाही, आणि ज्या पाकिटाकडे बघून आपल्या घरात आपण नाक मुरडू ते दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, एवढं तेरा वर्षांच्या मुलाला सांगावं लागत नाही.

खोकी केळ्यांची उत्तम: जाड पुठ्ठा, हात घालायला भोकं, झाकण, आणि दुकानात फुकट मिळतात. त्यांच्या तळाला मधोमध मोठी फट असते. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा अंथरला नाही तर उचलताना डबे पायावर पडतात. चारशे पंचवीस ग्रॅमचा डबा पत्र्यासकट अर्धा किलो धरा. चोवीस डबे म्हणजे बारा किलो, आणि केळ्यांचं खोकं काठोकाठ भरलं तर मोठ्या माणसाची कंबर धरते. मुलासाठी खोकं दहा किलोच्या आत ठेवायचं, खाली डबे आणि वर पास्ता, ओट्स. वजन करायला घरातला वजनकाटा पुरतो: खोकं घेऊन उभं राहायचं, मग खोकं ठेवून, वजाबाकी करायची. तिथल्या फूड बँका, म्हणजे पँट्रींना अन्न पुरवणाऱ्या संस्था, १.२ पौंड, म्हणजे सुमारे ५४५ ग्रॅम अन्न म्हणजे एक जेवण असं धरतात. तीनशे किलो जमले तर साधारण साडेपाचशे जेवणं. चार जणांच्या एका कुटुंबाच्या हिशेबात ती दीड महिन्यात संपतात. हा भागाकार मुलाने स्वतः करायला हवा, आकडा मोठा वाटून अंगावर मांस चढायच्या आधी.

त्याच हिशेबात पैशाचा प्रश्न येतो. फूड बँक घाऊक भावाने घेते, आपण किरकोळीने. त्याच डॉलरात तिला आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त अन्न मिळतं. मग डबे कशाला? कारण पैसे बहुतेक वेळा आईवडिलांच्या ओळखीचे असतात आणि डब्यांचे कष्ट मुलाचे असतात. दोन्ही हवं. फक्त मेजवानीच्या टेबलांवर फुलांऐवजी ठेवायच्या त्या जिलेटिन कागदातल्या, रिबिनी बांधलेल्या टोपल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एकेका टोपलीच्या सजावटीला जेवढे पैसे जातात तेवढ्यात आतलं सामान दुप्पट झालं असतं. कधी कधी तर तेच डबे शोभेसाठी भाड्याने येतात आणि दान वेगळं पाठवलं जातं. फुलं नकोत तर टेबल रिकामं ठेवा. एक छोटं कार्ड पुरे.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी धर्मपंडितांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खाली कुरकुरत देणारा. त्यावर कमी, पण हसतमुखाने देणारा. मग मागितल्यावर देणारा, मग मागण्याआधी हातात देणारा. त्याच्या वर, घेणाऱ्याला देणारा माहीत पण देणाऱ्याला घेणारा माहीत नाही: काही थोर लोक पैसे कापडात बांधून पाठीमागे टाकत आणि गरीब मागून येऊन घेत. मग उलट: रात्री दाराशी गुपचूप पैसे ठेवून जाणारे. त्याच्याही वर, दोघांनाही एकमेकांची ओळख नाही. यरुशलेमच्या मंदिरात अशी एक 'गुप्त खोली' होती. सिनेगॉगच्या दारातलं साधं खोकं खरं तर थेट याच सातव्या पायरीवर बसतं. छापील टी-शर्ट घालून, रांगेतल्या माणसाच्या हातात पिशवी देतानाचा फोटो काढला की ते घसरून तीन-चार पायऱ्या खाली येतं. रांगेत आपल्याच वर्गातला मुलगा त्याच्या आईसोबत उभा असू शकतो. फोटो हवाच असेल तर खोक्यांचा काढा.

सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा हात पसरायची वेळ येऊ न देणं. हे तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचं वाटतं, पण न्यूयॉर्कची 'हिब्रू फ्री लोन सोसायटी' १८९२ पासून बिनव्याजी कर्ज देते आहे आणि अशा कामात ३६ डॉलरचीही भर पडते. आपल्याकडच्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने ही पायरी शाळेच्या रूपाने चढून दाखवली. कोकणात शनवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले हे लोक मुंबईत आले, आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली. रायगडच्या गावांतून आलेल्या घरांतली मुलं तिथे शिकून कारकुनी, शिक्षकी, दवाखाने यांत गेली. आज त्या घरांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलमध्ये आहेत. तिकडे किंवा अमेरिकेत वाढणाऱ्या बेने इस्रायल मुलाला प्रवचनासाठी विषय हवा असेल, तर आजोबांची फी कोणी भरली होती हे घरात विचारून बघावं.

प्रवचनाचा धागा आपापल्या आठवड्याच्या वाचनात सहसा सापडतो. 'केदोशीम' आला तर शेताचा कोपरा त्यातच आहे. 'री-एह'मध्ये मूठ उघडण्याची आज्ञा, 'की तेत्से'मध्ये विसरलेली पेंढी, 'मिश्पातिम'मध्ये गहाण घेतलेलं पांघरूण सूर्यास्ताआधी परत करण्याचा नियम. 'वायिक्रा'सारखा नुसत्या बळींचा भाग वाट्याला आला तर त्यातला गरिबाचा बळी शोधावा: मेंढी परवडत नसेल तर दोन कबुतरं, तीही नाहीत तर नुसतं पीठ, आणि वेदीवर ते सारखंच मान्य.

समारंभ शनिवारी होतो. सोमवारी खोकी अजून दारातच असतात, आणि लोक त्यात डबे टाकत राहतात. ती कोणी रिकामी करायची हे आधी ठरलेलं नसेल तर महिनाभरात उंदीर येतात, आणि पुढच्या मुलाने खोकी मागितली की कार्यालय नको म्हणतं. म्हणून एकतर शेवटच्या फेरीची तारीख दारावर लिहून त्या दिवशी खोकी उचलायची, नाहीतर काम पुढच्या वर्गातल्या मुलाकडे सोपवायचं. सोपवताना एक वही द्यायची. तिच्यात पँट्रीचा फोन, माल घेण्याचे वार, काय घेत नाहीत त्याची यादी, कोणत्या आठवड्यात कोणती वस्तू मागितली आणि किती किलो आली, गाडी कोणाची, तळघराची किल्ली कोणाकडे. ज्या आठवड्यात काहीच आलं नाही तोही लिहायचा, कारणासकट.